चूक झाली आणि चूक केली

गेल्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी रात्री आमचं पेमेंटचं ॲप पावणेदोन तास बंद होतं. बंद मी पाडलं होतं. डेटाबेसच्या एका भल्यामोठ्या टेबलात नवा कॉलम टाकायची स्क्रिप्ट मी चालवली, टेबल लॉक झालं आणि मागे रिक्वेस्टची रांग लागत गेली. शुक्रवारी रात्री असलं काही चालवू नये हे मला माहीत होतं. तरी चालवलं.

रोलबॅक सुरू असताना मी फोनवर एक्स उघडलं. एका माणसाने लिहिलं होतं की तो मेडिकलच्या दुकानात उभा आहे, खिशात रोख नाही आणि पैसे जात नाहीयेत. मी माझ्या खात्यावरून त्याला उत्तर दिलं : 'मी या टीममध्ये आहे. चूक मी केलीय. वीस मिनिटं द्या, सुरू होईल.' त्याचं उत्तर आलं, 'ओके भाऊ, थांबतो.' सतरा मिनिटांनी ॲप सुरू झालं.

सकाळी मॅनेजरचा फोन. "अरे, ते आधी डिलीट कर. मग बोलू." मी डिलीट केलं. दुपारी कंपनीचं अधिकृत निवेदन आलं. 'काही वापरकर्त्यांना तात्पुरत्या तांत्रिक अडचणीचा अनुभव आला. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' स्टेशनवरची घोषणा आठवा. गाडी का उशिरा येतेय हे कधी कळत नाही, पण कोणीतरी दिलगीर मात्र असतं. आपल्या भाषेत यासाठी छान सोय आहे. चूक 'झाली' म्हणता येतं. 'केली' म्हटलं की लगेच कर्ता लागतो.

ऑफिसात माझं फार काही बिघडलं नाही. एक मीटिंग झाली आणि सोशल मीडिया पॉलिसीच्या पीडीएफवर पुन्हा एकदा सही घेतली. पण तेव्हापासून मी या विषयाचा इतिहास वाचत बसलोय. वाचायला गेम बनवणाऱ्यांचं जग निवडलं, कारण शाळेपासून तोच नाद आहे, आणि 'मी' बोलावं की 'कंपनी'ने, हे भांडण त्या धंद्यात जवळजवळ पहिल्या दिवसापासून चालू आहे.

सुरुवात अटारीपासून करावी लागते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अटारीच्या कार्ट्रिजवर गेम कोणी बनवला हे छापत नसत. नावं छापली तर दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतील, ही भीती. तेव्हा एक गेम म्हणजे बहुतेकदा एकच माणूस : कल्पना, चित्रं, आवाज, कोड सगळं त्याचंच. वॉरन रॉबिनेटने 'ॲडव्हेंचर' हा गेम असाच एकट्याने लिहिला आणि त्यात एक गुप्त खोली ठेवली. काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहात एका पिक्सेलचा राखाडी ठिपका, पार्श्वभूमीच्याच रंगाचा, म्हणजे जवळजवळ अदृश्य. तो शोधून ठरावीक जागी नेला की भिंतीतून पलीकडे जाता येई. पलीकडे झगमगत्या अक्षरांत रॉबिनेटचं नाव. त्याने हे कंपनीत कोणालाच सांगितलं नाही. १९८० मध्ये गेम बाजारात आल्यावर सॉल्ट लेक सिटीच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने अटारीला पत्र लिहून विचारलं, तेव्हा कंपनीला कळलं. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. काढून टाकायचं तर चिप नव्याने बनवायचा खर्च होता, म्हणून खोली तशीच राहिली. वर अशा गुप्त गोष्टींना 'ईस्टर एग' असं गोड नावही कंपनीतच पडलं. मला तरी ती गेम बनवणाऱ्याची पहिली वैयक्तिक पोस्ट वाटते. एकाच ओळीची.

त्याच सुमारास अटारीच्या चार प्रोग्रॅमरनी वेगळा मार्ग धरला. त्यांच्यातला डेव्हिड क्रेन नंतर सांगत आलाय की कंपनीने कोणता गेम किती खपला याची यादी कर्मचाऱ्यांना वाटली, आणि आपल्या चौघांच्या गेमनी विक्रीचा मोठा वाटा उचललाय हे त्यांना त्या यादीतूनच कळलं. चौघं बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन निघाली. तिथे गेम बनवणाऱ्याचं नाव छापलं जाऊ लागलं. (पुढे ॲक्टिव्हिजनचं काय झालं ते गेम खेळणाऱ्यांना सांगायला नको.)

पण नाव छापणं आणि बोलू देणं यात फरक आहे. बोलण्याची सोय आली ती गेमशी काही संबंध नसलेल्या एका प्रोग्रॅममधून. १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये लेस अर्नेस्टने 'फिंगर' नावाची कमांड लिहिली. कोण लॉगिन आहे, कोण जागेवर नाही, एवढंच ती सांगे. त्यात एक 'प्लॅन' फाइल होती : मी कुठे आहे, कधी परत येईन, हे लिहून ठेवायला. दारावर 'जेवायला गेलोय' अशी चिठ्ठी लावतात, तसली. पंचवीस वर्षांनी टेक्सासातल्या आयडी सॉफ्टवेअरचा जॉन कारमॅक याच फाइलमध्ये रोजचं काम लिहू लागला.

१९९६ च्या फेब्रुवारीपासूनच्या त्या नोंदी आजही गिटहबवर वाचता येतात. 'क्वेक'चं काम चालू होतं. प्रत्येक ओळीपुढे एक खूण असे : त्याच दिवशी झालं तर तारा, नंतर कधी झालं तर अधिक, करायचं नाही असं ठरवलं तर वजा. बस. तलाठ्याच्या दप्तरासारखी कोरडी नोंद. पण जगभरातली पोरं ती रोज उघडून बघत, कारण ज्या माणसाच्या हातून गेम घडतोय त्याच्या टेबलावर थेट डोकावता येत होतं. कोणता बग सापडला, कोणता राहिला, काय सोडून दिलं. ते वजाचं चिन्ह मला फार आवडतं. 'हे आम्ही करणार नाही' असं सांगणारी प्रेस रिलीज मी अजून पाहिलेली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारमॅकचा सहसंस्थापक जॉन रोमेरो कंपनीतून गेला. कारमॅकने प्लॅनमध्ये लिहिलं की रोमेरो आता इथे नाही, यापुढे आमच्या भावी गेमबद्दल भव्य विधानं होणार नाहीत, आणि मी वचन देईन ते फक्त माझ्या परीने पूर्ण प्रयत्न करण्याचं. अशा वेळी कंपन्यांकडून 'नव्या संधींच्या शोधात' वगैरे शब्द येतात. इथे एकही नाही.

आणि मग १ जून २०००. ही नोंद मी तीनचार वेळा वाचलीय. कारमॅकला आणि कंपनीतल्या बऱ्याच जणांना 'डूम' नव्याने करायचा होता. दोन सहमालक, केव्हिन क्लाउड आणि एड्रियन कारमॅक (नावात साम्य आहे, नातं नाही), विरोधात होते. शेवटी कारमॅक आणि त्याच्या बाजूच्या लोकांनी सांगितलं : डूम करू द्या, नाहीतर आम्हाला काढा. डूमवर शिक्कामोर्तब झालं. पण त्या गटातल्या पॉल स्टीड या कलाकाराला बाकीच्या दोघांनी कामावरून काढलं. कारमॅकने हे सगळं लिहिलं. खरं तर हा सार्वजनिक विषय नाही, पण स्पष्ट सांगितलं नाही तर एका माणसावर अन्याय होईल, असं म्हणून लिहिलं. स्टीडला माझा विरोध असताना, सूड म्हणून काढलं, असंही लिहिलं. नव्या डूमची बातमी जगाला अशी मिळाली, घरातल्या भांडणाच्या हकिगतीतून. तो गेम २००४ मध्ये आला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी छाती भरून आली. असा माणूस आपल्या ऑफिसात हवा, असं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की कारमॅक असं लिहू शकला, कारण त्याला कोणी काढू शकत नव्हतं. तो मालकांपैकी एक होता. आणि गट सगळ्यांचा असला तरी नोकरी गेली ती पगारी माणसाची. हे एकदा दिसलं आणि पुढचा सगळा इतिहास मला याच नजरेने दिसायला लागला.

एप्रिल २०१३. पुढच्या एक्सबॉक्सला सतत इंटरनेट लागणार, अशी अफवा होती. मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातला क्रिएटिव्ह डायरेक्टर ॲडम ऑर्थ याने आपल्या ट्विटर खात्यावर लिहिलं की सगळीच यंत्रं आता नेटला जोडलेली असतात, यात एवढं काय, सवय करून घ्या. कधीकधी वीज जाते म्हणून मी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा नाही का, असंही म्हणाला. जिथे नीट नेट नाही त्या गावांचं काय, असं एका मित्राने छेडलं, तर उत्तर होतं की तिथे मी कशाला राहू. मित्रामित्रांतली टवाळी होती ती. पण खेळणारे भडकले.

त्या वर्षी मी लातूरला दहावीत होतो. वीज गेली की आमच्या घरी पंखा, दिवा आणि राउटर यातलं इन्व्हर्टरवर काय ठेवायचं यावर आईशी वाद व्हायचा, आणि पंखा जिंकायचा. ऑर्थचं ते वाक्य तेव्हा माझ्यापर्यंत आलं असतं तर मीही चार शिव्या घातल्या असत्या.

मायक्रोसॉफ्टने जाहीर माफी मागितली : हा माणूस कंपनीचा प्रवक्ता नाही, त्याची मतं आमची नाहीत. काही दिवसांत ऑर्थ कंपनीतून बाहेर पडला. पुढच्याच महिन्यात, २१ मे रोजी, एक्सबॉक्स वन जाहीर झाला. नियम असा निघाला की यंत्राने दर चोवीस तासांनी एकदा नेटवर जाऊन हजेरी लावायची. म्हणजे ऑर्थ उद्धट होता, पण दिशा त्याने बरोबर सांगितली होती. जूनमध्ये विभागप्रमुख डॉन मॅट्रिक याला मुलाखतीत विचारलं की ज्यांच्याकडे नेट नाही त्यांनी काय करायचं. त्यांच्यासाठी आमच्याकडे एक्सबॉक्स ३६० आहे, असं तो म्हणाला. ऑर्थच्या थट्टेपासून हे कितीसं लांब आहे? १९ जूनला कंपनीने तो नियमच मागे घेतला. जुलैच्या पहिल्या दिवशी मॅट्रिक झिंगाचा सीईओ झाल्याची बातमी आली.

२०१८ मध्ये 'गिल्ड वॉर्स २' बनवणाऱ्या अरीनानेटमध्ये पुन्हा तेच. लेखिका जेसिका प्राइसने स्वतःच्या ट्विटरवर कथालेखनाबद्दल सविस्तर लिहिलं, एका नावाजलेल्या खेळाडूने तिला शिकवल्यासारखं उत्तर दिलं, ती चिडली. सहकारी पीटर फ्राइसने तिची बाजू घेतली. दोघांची नोकरी गेली, आणि कंपनीच्या अध्यक्षाने निवेदन काढून ते खेळाडूंना कळवलं. प्राइसचा सूर तिखट होता, मान्य. पण तो कंपनीचा सूर आहे असं तिने कुठेही म्हटलं नव्हतं.

उलटही घडतं. ऑक्टोबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७'च्या अधिकृत खात्याने एका चाहत्याला १९ नोव्हेंबरची तारीख पक्की असल्याचं सांगितलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, गेम १० डिसेंबरवर ढकलला. तारीख कंपनीने बदलली, जीवे मारण्याच्या धमक्या आल्या गेम बनवणाऱ्यांना. शेवटी आंद्रे झावाडस्की या डिझायनरला स्वतःच्या खात्यावरून लिहावं लागलं की आम्हीही तुमच्यासारखी माणसंच आहोत. 'आम्ही'च्या घोषणेची किंमत चुकवायला 'मी' पुढे आला, असं मला ते वाचताना वाटलं.

आपल्याकडे तर वेगळीच तऱ्हा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली आणि दोन दिवसांत 'फौजी' या गेमची घोषणा झाली, ती अक्षय कुमारच्या वैयक्तिक ट्विटर खात्यावरून. वैयक्तिक म्हणावं तर ती जाहिरात, आणि अधिकृत म्हणावं तर खातं नटाचं. गेम २६ जानेवारी २०२१ ला आला. त्याचं कोड लिहिणाऱ्या एकाचंही नाव माझ्या मित्रांपैकी कोणाला सांगता येत नाही. मलाही नाही.

मालक आणि नोकर यांच्याखेरीज तिसरा प्रकार म्हणजे सोडून गेलेला माणूस. 'हाफ-लाइफ'चा लेखक मार्क लेडलॉ. २००७ च्या 'एपिसोड टू'चा शेवट असा होता की पुढचा भाग आलाच पाहिजे. व्हॉल्व्हने 'एपिसोड थ्री' आधीच जाहीर केला होता. मग शांतता. रद्द झाला असंही कधी सांगितलं नाही. दहा वर्षं लोक वाट बघत राहिले. लेडलॉने २०१६ मध्ये व्हॉल्व्ह सोडली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये स्वतःच्या साइटवर एक पत्र टाकलं. पात्रांची नावं बदललेली, गॉर्डन फ्रीमनची गर्ट्रूड फ्रीमॉन्ट झालेली, पण ओळखणाऱ्यांनी एका मिनिटात ओळखलं. न आलेल्या गेमची ती गोष्ट होती. कंपनीने जे दार ना उघडलं ना लावलं, ते एका निवृत्त माणसाने हलकेच लोटून घेतलं. पुढे २०२३ मध्ये मुलाखतीत तो म्हणाला की ते टाकायला नको होतं, तेव्हा मी सगळ्यांपासून तुटलेला होतो, जुन्या सहकाऱ्यांना त्याचा त्रास झाला. हे वाचून मी जरा थबकलो. इतका वेळ मी वैयक्तिक पोस्टचा वकील होऊन वाचत होतो. पण एकाने 'मी' म्हणून सांगितलेली गोष्ट अनेकांची असते, आणि त्या बाकीच्यांना कोणी विचारलेलं नसतं.

माझ्या बाबतीतही थोडं तसंच होतं. ती स्क्रिप्ट मी चालवली, पण रिव्ह्यू आणखी एकीने केला होता. 'चूक मी केलीय' असं लिहिताना तिचं नाव माझ्या डोक्यातही नव्हतं. सोमवारी ती म्हणाली, "तू बरं लिहिलंस, पण मला विचारायचंस तरी." मॅनेजरपेक्षा तिचं हे जास्त लागलं.

मेडिकलमधल्या त्या माणसाच्या उत्तराचा स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये आहे. माझी पोस्ट गेल्यामुळे त्याचं 'ओके भाऊ, थांबतो' आता नुसतंच हवेत लटकतंय, कोणाला म्हटलंय ते कळत नाही. आणि आमच्या रिपॉझिटरीत, त्या स्क्रिप्टच्या फाइलमध्ये, वरच्या कमेंटमध्ये माझं नाव आणि त्या शुक्रवारची तारीख आहे. खाली दुसऱ्या ओळीत रिव्ह्यू करणारीचं. ते काढायला अजून कोणी सांगितलेलं नाही.