तुवरक तेलाचा प्रवास : त्वचारोगावरील एका बीजतेलाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वनस्पतींच्या बियांपासून काढलेल्या तेलांचा त्वचेसाठी वापर भारतीय समाजात प्राचीन काळापासून होत आला आहे. तीळ, करंज, कडुनिंब यांची तेले सर्वपरिचित आहेत. त्या मानाने तुवरक अर्थात कडू कवठ या वृक्षाचे बीजतेल आज विस्मृतीत गेले आहे. तथापि, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे तेल आणि त्याच वंशातील चौलमुग्रा तेल कुष्ठरोगावरील प्रमुख औषध मानले जात होते. औषधाची प्राचीनता, प्रसिद्धी आणि उपयुक्तता या तीन भिन्न बाबी आहेत, हे या तेलाच्या इतिहासावरून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन उल्लेख :
सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेराव्या अध्यायात तुवरकाचे वर्णन आढळते. हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या भूमीत वाढतात, त्यांची फळे पावसाळ्याच्या आरंभी गोळा करावीत, बिया वाळवून तेल काढावे, असे तेथे सांगितले आहे. स्थळाचा हा निर्देश लक्षात घेऊन अभ्यासक तुवरक म्हणजे सह्याद्रीच्या सदाहरित वनांत आढळणारे कडू कवठ (हिड्नोकार्पस पेंटँड्रा) असे मानतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ ही संज्ञा अनेक त्वचाविकारांना व्यापणारी आहे. ती आजच्या कुष्ठरोगाशी एकरूप नाही. त्यामुळे प्राचीनांनी कुष्ठरोगावर औषध शोधले होते, असे सरसकट विधान करता येत नाही.

वसाहतकाळातील दखल :
कलकत्ता येथील फ्रेडरिक मोआट यांनी १८५४ मध्ये चौलमुग्रा तेलाविषयी लेख प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या औषधाकडे वेधले. मात्र हे तेल नेमके कोणत्या झाडाचे, याविषयी दीर्घकाळ गैरसमज होता. बाजारात मिळणाऱ्या खऱ्या चौलमुग्रा बिया ज्या झाडाच्या असल्याचे मानले जात होते, त्या झाडाच्या नसून हिड्नोकार्पस कुर्झी या वृक्षाच्या आहेत, हे डेव्हिड प्रेन यांनी १९०१ मध्ये स्पष्ट केले. दरम्यान मुंबईचे विल्यम डायमॉक यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केलेल्या ग्रंथात कडू कवठाचे तेल पश्चिम किनाऱ्यावर चिवट त्वचाविकार आणि जखमांवर वापरले जाते, अशी नोंद केली. या नोंदीमागील ज्ञान स्थानिक लोकांचे होते. पण ग्रंथात नाव आले ते नोंद करणाऱ्यांचे.

प्रयोगशाळा आणि श्रेयाचा प्रश्न :
हे तेल पोटात घेतल्यास मळमळ होई, तर दाट असल्याने त्याचे इंजेक्शन वेदनादायक ठरे. लंडन येथील प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर व सहकाऱ्यांनी १९०४-०५ मध्ये या तेलांतील विशिष्ट मेदाम्ले वेगळी केली. पुढे हवाई येथील महाविद्यालयात ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने या मेदाम्लांचे इंजेक्शनयोग्य एथिल एस्टर तयार करण्याची पद्धत शोधली. १९१६ च्या अखेरीस, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. तिचे कार्य महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी तिचा उल्लेख न करता पुढे नेले. १९२२ मध्ये हॅरी हॉलमन यांनी तिच्या पद्धतीचा नामनिर्देश केला. परंतु विद्यापीठाने तिचा सन्मान केला तो २००० मध्ये. भारतात लिओनार्ड रॉजर्स व अर्नेस्ट म्यूर यांनी कलकत्ता येथे या उपचारावर संशोधन केले आणि कडू कवठाचे तेलही दवाखान्यांत रूढ झाले.

ऱ्हास :
अमेरिकेतील कारव्हिल येथे १९४१ मध्ये गाय फॅजेट यांनी प्रोमिन या सल्फोन औषधाचा वापर सुरू केला. त्यानंतर डॅप्सोन आले आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. बीजतेलाचा उपचार मागे पडला. तेलाने काही रुग्णांचे चट्टे कमी झाल्याच्या नोंदी आहेत. परंतु कुष्ठरोगाच्या काही प्रकारांत लक्षणे आपोआपही ओसरतात. त्यामुळे तेलाची परिणामकारकता निर्णायकपणे सिद्ध झाली, असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, औषधाच्या इतिहासात श्रेय सत्तेच्या दिशेने वाहते. किनाऱ्यावरील अनाम लोक आणि ॲलिस बॉल या दोहोंच्या वाट्याला विस्मरणच आले. दुसरी, त्यांना न्याय देणे म्हणजे औषध गुणकारी होते असे म्हणणे नव्हे. आज ‘नैसर्गिक’ आणि ‘प्राचीन’ या शब्दांच्या बळावर त्वचेसाठी अनेक बीजतेले विकली जातात. अशा वेळी परंपरेची प्रामाणिक नोंद घेणे आणि तिची कसोटी लावणे, ही दोन्ही कामे इतिहासाच्या अध्यापकाची आहेत. ज्या रुग्णांनी अनेक वर्षे ती वेदनादायक इंजेक्शने बरे होण्याच्या आशेने सोसली, त्यांच्याप्रती असलेले आपले हे किमान उत्तरदायित्व होय.