शिशावरचा ठसा

किराणा दुकानातले लोखंडी वजन एकदा पालथे करून पाहावे. खालच्या बाजूला एक खळगा असतो आणि त्यात शिसे ओतलेले असते. त्या शिशावर बारीक अक्षरे आणि आकडे ठोकलेले दिसतात. कोणत्या निरीक्षकाने हे वजन तपासले, कोणत्या साली आणि वर्षाच्या कोणत्या तिमाहीत, हे सगळे त्या नखाएवढ्या जागेत सांगितलेले असते. शिसे मऊ, म्हणून त्यावर ठसा सहज उमटतो. वजन कमी भरले तर शिसे वाढवता येते, जास्त भरले तर खरवडता येते. पण एकदा ठसा बसला की खरवडणाऱ्याला तो ठसाही मोडावा लागतो. लबाडीची खूण लबाडी करणाऱ्याच्याच हातून उमटावी, अशी ही युक्ती आहे. मला ती फार आवडते.

भोरच्या बाजारपेठेत आणि वेल्ह्याच्या दुकानांत आता इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. तिथे ठसा तारेत ओवलेल्या शिशाच्या गोळीवर बसतो. जागा बदलली तरी काम तेच आहे.

या ठशाचे कूळ फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘पौतवाध्यक्ष’ नावाचा अधिकारी येतो. वजने आणि मापे त्याच्या ताब्यात. वजने लोखंडाची किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची करावीत, म्हणजे ती ओली होऊन वाढत नाहीत की तापून घटत नाहीत, असे त्यात सांगितले आहे. दर चार महिन्यांनी त्यांच्यावर ठसा मारून घ्यायचा, आणि बिनठशाचे माप वापरणाऱ्याला दंड सव्वासत्तावीस पण. आजच्या नियमात साध्या वजनांना आणि मापांना 24 महिन्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्यांना दर 12 महिन्यांनी फेरतपासणी आहे. मुदतीच्या बाबतीत कौटिल्य आपल्यापेक्षा कडक होता. ‘शिक्का’ हा शब्द मात्र बराच नंतर अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात तो नाणे पाडण्याच्या साच्याचा शब्द. ‘वजन’ही अरबी, ‘तराजू’ फारसी. ‘माप’ तेवढे संस्कृत कुळातले, आणि भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत खरे राज्य चालले ते मापाचेच.

इथले धान्य तोलले जात नसे, मापले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मण किती पायल्यांचा, हे गावोगाव बदले: कुठे 12, कुठे 16. मळणी झाली, वारवून भात स्वच्छ झाले की खळ्यावर रास पडे आणि मापणारा पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन. त्याच राशीतून बलुतेदारांचा वाटा निघे, देणेकऱ्याचे देणे फिटे आणि उरलेले कणगीत जाई. वर्षभराच्या कष्टाचा हिशेब त्या एका भांड्यावर उभा असे.

म्हणूनच त्या भांड्यात काय काय करता येते, हे नीट पाहिले पाहिजे. माप काठोकाठ सपाट भरायचे की शिगोशीग, हा पहिला प्रश्न. धान्याची शीग ठरावीक उताराचीच बसते. त्यामुळे तोंड जितके रुंद तितकी शीग मोठी, आणि ती नुसती थोडी मोठी नव्हे. दोन मापे काठापर्यंत अगदी सारखे धान्य घेत असली, पण एकाचे तोंड दुसऱ्याच्या दीडपट रुंद असले, तर रुंद तोंडाच्या मापावरची शीग सव्वातीन पटींहून जास्त भरते. घेताना पसरट माप, देताना उभट माप, एवढ्यावर घर चालवता येते. दुसरे म्हणजे माप हलवणे. भरताना दोनदा आपटले की दाणे खाली बसतात आणि वर आणखी मूठ मावते. अलगद ओतले की तेच माप कमी धान्यात भरते. दोन्ही वेळा पायली तीच असते आणि कोणी खोटे बोललेले नसते. ‘मापात पाप’ हे शब्द ज्या अनुभवातून आले तो अनुभव हाच.

तराजूनेही भाषेला आपला वाटा दिला आहे. दोन पारडी सारखी नसतील तर हलक्या पारड्याला जो दगड किंवा धातूचा तुकडा बांधतात तो पासंग. एखाद्याच्या पासंगालाही न पुरणे, असे आपण म्हणतो ते त्यावरून. तोलताना दांडी बोटाने दाबली की ती दांडी मारणे. शाळेला दांडी मारणाऱ्या मुलाला त्या तराजूची आठवण असण्याचे कारण नाही.

आता भोरच्या राजघराण्याकडे वळतो, कारण या गोष्टीचा एक धागा तिथे गुंतलेला आहे. भोरचे राजे म्हणजे पंतसचिव. सचिव हे अष्टप्रधानांतले पद, आणि त्याचे काम तपासण्याचे. राजपत्रातला मजकूर शोधून कमी-अधिक अक्षर दुरुस्त करायचे, महालांचा हिशेब पाहायचा आणि पत्रावर संमतीचे चिन्ह करायचे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी या पदावर अण्णाजी दत्तो होते. जमिनीच्या मोजणीत एकच काठी चालवण्याचे काम त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. बखरकार सभासदाने तिचे माप दिले आहे: पाच हात आणि पाच मुठींची काठी, 82 तसूंची. 20 काठ्या लांब आणि 20 काठ्या रुंद तो बिघा, 120 बिघ्यांचा चावर. प्रत्येक गावाचा हात वेगळा असता तर साऱ्याचा तंटा कधी मिटला नसता. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले आणि त्यांच्या वंशाकडे हा मुलूख आला. संस्थानाच्या पाच तालुक्यांत विचित्रगड म्हणजे रोहिड्याचा, राजगडाचा आणि प्रचंडगड म्हणजे तोरण्याचा असे तीन तालुके याच डोंगरांतले. तपासून चिन्ह करणे ज्या पदाचे काम, त्या पदाचे नाव या भागावर अडीचशे वर्षे नांदले. ठशाच्या कुळकथेला यापेक्षा योग्य गाव मला तरी सापडणार नाही.

मुंबई इलाख्याने वजनमापांचा कायदा केला 1932 साली. भोर संस्थान असल्यामुळे इलाख्याचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे 1956 चा केंद्रीय कायदा आला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅमची वजने वापरात येऊ लागली. 80 तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम, हे गणित त्या पिढीने तोंडपाठ केले. शेर गेला. पायली मात्र घराघरांत राहिली, कारण ती विकण्याचे माप असण्याआधी शिजवण्याचे माप होती.

बंद पाकिटांमुळे ठशाला नवे रूप आले. 1977 च्या नियमांनी पाकिटावर काय छापायचे ते ठरवले, आणि पुढे सर्व करांसहित कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी पाण्याची बाटली हातात घेतली की हा छाप दिसतो. थंड करण्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. गडावर हंडा वाहून नेऊन ताक विकणाऱ्या बाईच्या ताकाला मात्र छापील किंमत नाही. तिच्या पायपिटीचा दाम तिनेच ठरवावा आणि आपण तो द्यावा, हे मला न्यायाचे वाटते.

ठसा खोटा निघाला तर भांडायचे कोणी? अमेरिकेत राज्याचा ॲटर्नी जनरल ग्राहकांच्या वतीने कोर्टात उभा राहतो. नोव्हेंबर 1998 मध्ये 46 राज्यांच्या अशा वकिलांनी चार बड्या तंबाखू कंपन्यांना तडजोडीला आणले. आपला महाधिवक्ता राज्य सरकारचा कायदेशीर सल्लागार असतो, ग्राहकाचे काम त्याच्याकडे नाही. ते निरीक्षकांत आणि आयोगांत वाटले गेले आहे. वजनमापाचा खटला वैध मापन शास्त्र यंत्रणेचा निरीक्षक भरतो. ग्राहकाला स्वतः दाद मागण्याची वाट मिळाली ती 1986 च्या कायद्याने. त्याआधी 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली होती. ग्राहक हा संघटित होऊ शकतो, हे तेव्हा लोकांना पटवून सांगावे लागत होते. 2019 च्या कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली आणि 2020 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आले. अनेकांची मिळून झालेली फसवणूक ते स्वतःहून हाती घेऊ शकते. राज्य सरकारलाही तक्रारदार होता येते. आता माणूस राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यातून पुणे म्हणजे दिवस मोडतो, तेव्हा 1915 हा मदतीचा क्रमांक तरी माहीत असावा.

हे सारे घेणाऱ्यासाठी झाले. वेल्ह्याचा माणूस वर्षातून एकदा देणारा होतो, तेव्हा काटा त्याचा नसतो. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचे भात घरी पायलीने मापून झालेले असते. दारात टेम्पो येतो, व्यापारी आकडीचा काटा वाशाला अडकवतो, पोते वर जाते आणि आकडा दिसतो. तो आकडा वाचण्याआधी काट्याच्या मागच्या बाजूची तार पाहायची असते: गोळी शाबूत आहे का, तिच्यावरचे साल चालू आहे का. पडताळणीचा दाखला दाखवा, असे म्हणण्याचा हक्क पोते विकणाऱ्यालाही आहे. माझ्या ओळखीच्या एका आजींनी गेल्या सुगीत तसे विचारले. व्यापाऱ्याने दाखला गाडीत आहे म्हणून सांगितले. आजी ओट्यावर बसून राहिल्या आणि दाखला हातात येईपर्यंत त्यांनी पुढचे पोते उचलू दिले नाही.