लाल दिवा पिवळा कसा झाला?

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या यंत्रांवर पूर्वी दिवे असत. लाल लागला की यंत्र थांबवावयाचे. पुढे दिव्यांच्या जागी पडदे आले. चाकणच्या एका कारखान्यात लाल इशारा असता यंत्र थांबविले नाही म्हणून आमच्या एका सोबत्याला ताकीदपत्र मिळाले. तो म्हणे, "मला मातकट पिवळे दिसले." साहेब हसले. आम्ही मात्र हिशेबाला बसलो.

पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. ठिपक्याला एकच बिट दिला तर उजेड किंवा अंधार, एवढेच. १९८४ साली आयबीएमच्या ईजीएने ४ बिटांत १६ रंग दिले. १९८७ च्या व्हीजीएने ८ बिटांत २५६. तेथे ठिपक्यात रंग नसतोच, रंगपेटीतील वडीचा क्रमांक असतो. १६ बिट आले तेव्हा रंगच ठिपक्यात लिहू लागले, आणि वाटणीचा तंटा उभा राहिला. लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी ५ दिले की १ उरतो. कोणी तो मोकळा ठेवला; कोणी हिरव्याला दिला, कारण डोळ्याला हिरव्यातला फरक अधिक कळतो. (बोनसच्या वाटपातही उरलेल्या रुपयावरूनच भांडण होते!) पुढे २४ बिटांत प्रत्येकाला ८ मिळाले आणि तंटा मिटला.

आता पाच-पाच-पाचने लिहिलेला पूर्ण लाल पाच-सहा-पाचच्या पडद्याने वाचला तर? हद्द एक घर सरकते. लाल ३१ पैकी १५ उरतो, हिरव्यात ६३ पैकी ३२ भरतात. प्रकाशात लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो. दोन्ही निम्मे, म्हणून मातकट. पडदा नवा बसविला होता, आज्ञावली जुनीच होती.

कागद पुढे ठेवल्यावर ताकीदपत्र मागे घेतले गेले. पडदा आणखी आठवडाभर तसाच होता.