काळ्या पडद्यावरची तुटकी वेलांटी

परवा जुन्या बातम्यांच्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर उतरवायला बसलो. भाच्याने तो काळा पडदा उघडला, ज्यात माऊस नाही, नुसत्या आज्ञा टाइप करायच्या. त्याला टर्मिनल म्हणतात. फाइलींची नावं आली आणि पोटात गोळा आला. ‘विद्यार्थी’ची वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे. म्हटलं, गेल्या बातम्या!

भाचा म्हणाला, "मामा, फाइल शाबूत आहे. या पडद्याला मराठी जमत नाही, एवढंच."

कारण जुनं आहे. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० टर्मिनलवर ८० रकाने, २४ ओळी. एका घरात एक अक्षर. इंग्रजीला हे सोयीचं. आपलं ‘क्षि’ मात्र क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार खुणांचं. वेलांटी साठवायची शेवटी, दाखवायची आधी. आजचे टर्मिनल त्याच घरांच्या हिशेबावर चालतात. याला किती घरं द्यायची, यावर त्यांचं एकमत नाही. म्हणून अक्षर तुटतं, ओळ सरकते.

गंमत म्हणजे ऐंशीच्या दशकातच आपल्याकडे यावर तोड निघाली होती. आयआयटी कानपूरला जन्मलेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट कार्ड बसवलं, की डॉसच्या काळ्या पडद्यावर जोडाक्षरं नीट उमटायची. त्याच सुमारास भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली आली. १९९१ च्या युनिकोडमधली देवनागरी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे. मराठीचा ‘ॲ’ यायला मात्र २००८ उजाडलं.

आता खरं दुखणं. माझ्या त्याहून जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीतच. त्या जुन्या फॉन्टमधल्या, म्हणजे आत इंग्रजी चिन्हं आणि वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट गेला की उरतो नुसता कचरा. दुष्काळ, मोर्चे, निवडणुका, सगळं त्यात अडकलंय. तुटकी वेलांटी उद्या दुसऱ्या पडद्यावर जुळेल. हा मजकूर आपोआप जुळणार नाही.

तुमच्या पतसंस्थेत, शाळेत, ग्रामपंचायतीत अशा फाइली असतील, तर जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारे प्रोग्राम मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्यांनी वाचून बघा, विशेषतः माणसांची नावं.