भूल

१६ ऑक्टोबर १८४६. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने गिल्बर्ट ॲबट नावाच्या रुग्णाला ईथर हुंगवलं आणि शल्यविशारद जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरच्या गाठीवर सुरी चालवली. शुद्धीवर आलेल्या ॲबटने सांगितलं, की मान कुणी खरवडत असल्यासारखं वाटलं, एवढंच.

मॉर्टनला पेटंट हवं होतं. पण ईथर डॉक्टरांच्या ओळखीचं, म्हणून त्याने त्यात रंग आणि सुगंध मिसळला आणि औषधाला ‘लेथिऑन’ म्हटलं. लेथी ही ग्रीक पुराणातली विस्मरणाची नदी. तिचं पाणी प्यायलं, की मृतात्मे मागचं सारं विसरतात. वासावरून बिंग फुटायला वेळ लागला नाही.

२१ नोव्हेंबरला ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी मॉर्टनला पत्र लिहिलं. होम्स डॉक्टर होते आणि कवीही. त्यांनी औषध बाजूला ठेवून रुग्णाच्या अवस्थेला नाव सुचवलं: ॲनेस्थेशिया. ‘ऐस्थेसिस’ म्हणजे संवेदना. आधीचा ‘अन्’ नकाराचा, आपल्या ‘अनादि’, ‘अनंत’मधल्या ‘अन्’चा सख्खा भाऊ. शब्द त्यांनी घडवला नव्हता. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने मँड्रेक या वनस्पतीचा परिणाम सांगताना तो वापरला होता. होम्स यांची नजर मला थोर वाटते ती इथे: औषधाचं नाव औषधाबरोबर जातं, अवस्थेचं टिकतं. पुढच्याच वर्षी एडिंबरात सिम्प्सन या डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म आणला, नंतर कितीतरी औषधं आली. शब्द तोच राहिला.

मराठीत मात्र दोन्ही कल्पना नांदतात. सरकारी कागदावरचं ‘बधिरीकरण’ होम्स यांच्या बाजूचं. त्यात संवेदना जाते. लोकांच्या तोंडी ‘भूल’. ती भुरळीची, विसरण्याची, लेथीच्या जवळची. पूर्ण भुलीत माणसाला मधला काळ आठवतच नाही, तेव्हा हा शब्द नेमका बसतो. पण सिझेरियनसाठी मणक्यात इंजेक्शन दिलं, की बाई टक्क जागी असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते, फक्त कमरेखाली दुखत नाही. तिथे विसरण्याचा काही संबंध नाही; तरी नातेवाईक दाराशी विचारतात, ‘‘कमरेखालची भूल दिली ना?’’ आणि भूलतज्ज्ञही ‘‘हो’’ म्हणतात. मला भूलच आवडते. बधिरीकरण ऐकून कोणत्याही आजीचा जीव हलका होत नाही.