खोकला, खडेमीठ आणि धूर: ब्राँकायटिस न्यूमोनियापासून वेगळा कसा झाला

मंडळी, श्रीपूर म्हणजे साखर कारखान्याचं गाव. गाळप आणि थंडी बरोबरच येतात, तेव्हा खोकला म्हणजे काय हे मी सांगायला नको. पन्नाशीचा माणूस आठवडाभर खोकतो आणि घरातले विचारतात, छाती भरलीय, न्यूमोनिया तर नाही ना? हा प्रश्न असा विचारता येऊ लागला त्याला जेमतेम दोनशे वर्षं झाली.

चरकसंहितेत कास आणि श्वास यांचे पाच-पाच प्रकार आहेत. पण दाह श्वासनळ्यांत आहे की खोल फुप्फुसात, अशी विभागणी त्यात नाही. ती ठळक केली चार्ल्स बॅडम या इंग्रज वैद्यानं, १८०८ साली. 'ब्राँकायटिस' हे नाव त्याच्या पुस्तकानं रूढ झालं. यात नळ्यांचं अस्तर सुजतं. न्यूमोनियात टोकाचे वायुकोशच भरून जातात.

आता जिवंत माणसाच्या आतलं दिसणार कसं? व्हिएन्नाच्या औएनब्रुगरनं १७६१ मध्ये छाती बोटांनी ठोकून तपासण्याची रीत मांडली. त्याचे वडील खानावळ चालवायचे, पिंपं ठोकताना पाहून हे सुचलं असं सांगतात. (डॉक्टर अजून ठोकतात की, आपण लक्ष देत नाही.) मग १८१६ साली पॅरिसच्या लेनेकनं कागदाची सुरळी छातीला लावली, हाच पहिला स्टेथोस्कोप. न्यूमोनियाच्या आवाजाला त्यानं उपमा दिली तापलेल्या भांड्यात तडतडणाऱ्या मिठाची. तव्यावर खडेमीठ टाकून ऐका, कळेल. ब्राँकायटिसमध्ये घरघर किंवा शिट्टी असते, आणि खोकल्यावर ती बरेचदा बदलते. १८९५ नंतर क्ष-किरण आले.

पण नुसतं ओळखून काय होतं? १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबईत ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ माणसं गेली. त्या साथीत बहुतेकांचा जीव न्यूमोनियानं घेतला, आणि पेनिसिलिनचा शोधच लागला १९२८ साली. आज उलट झालंय. औषध आहे, म्हणून साध्या ब्राँकायटिसलाही अँटिबायोटिक मागतात. तो बहुधा विषाणूंचा असतो, तिथं त्याचा फारसा उपयोग नाही. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, एवढंच.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला इथं न्यायदर्शन आठवतं. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, हे अनुमान खरं कधी? धूर अग्नीशिवाय राहत नसेल तर. लोक म्हणतात, कफ हिरवा झाला म्हणजे न्यूमोनिया. अहो, हिरवा कफ दोन्हींत येतो! नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील.

मग भरवशाचं काय? इथं व्यतिरेक कामी येतो, म्हणजे काय नाही ते पाहणं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २००१ मध्ये सांगितलेला हिशेब असा: एरवी धडधाकट प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला शंभराच्या वर नाही, श्वास चोविसाच्या वर नाही, ताप ३८ सेल्सिअसच्या वर नाही, आणि छातीत एका जागी वेगळा आवाज नाही, तर न्यूमोनियाची शक्यता फार कमी. यातलं एखादं असेल तर डॉक्टर एक्स-रेचा विचार करतात. धाप लागली, थुंकीत रक्त आलं, श्वास घेताना छातीत टोचलं, तर घरी मोजत बसू नका, दवाखान्यात जा.

हा हिशेब चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला चालतो. आमच्या वयाला नाही. सत्तरीच्या माणसाला न्यूमोनियातही ताप येईलच असं नाही. तो नुसता जेवत नाही, किंवा असंबद्ध बोलू लागतो, आणि घरच्यांना वाटतं, वय झालं. आता तुमचे प्रश्न घेऊ.