बांधी, बाडी आणि तलाव

नागपूरच्या ईशान्येस, वैनगंगेच्या पश्चिमेकडील सपाटीत वारासिवनी हे गाव आहे. मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील हे गाव नकाशावर महाराष्ट्राबाहेर पडले असले, तरी येथील बाजारात पवारी बोली, हिंदी आणि मराठी या तिन्ही एकमेकींच्या हातात हात घालून वावरतात. कोष्ट्यांच्या मागावरील रेशमी लुगड्यांसाठी गावाचे नाव झाले. परंतु या मुलखाचे खरे आयुष्य भातावर उभे आहे. स्वतःपुरते पिकवावे, स्वतःच्या घराला पुरवावे आणि कोणाच्या दारी जाऊ नये, अशा शेतकऱ्याचे चित्र आपण नेहमी रंगवतो. असा शेतकरी या मुलखात खरोखरच होता काय, आणि असल्यास तो कशाच्या आधारावर उभा होता, हे पाहण्यासारखे आहे.

बालाघाट हा जुना जिल्हा नव्हे. मंडला, सिवनी आणि भंडारा या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून 1867 पासून पुढे तो घडविण्यात आला. वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र त्यापूर्वीच पवार शेतकरी स्थिरावले होते. आपले मूळ माळव्यात धारेकडे आहे असे ते सांगतात. नागपूरकर भोसल्यांना कटकच्या मोहिमेत साहाय्य केल्याबद्दल वैनगंगेच्या पश्चिमेस आपणास जमिनी मिळाल्या, अशीही त्यांची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मण नाईक नावाच्या गृहस्थाने घाट चढून परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसविली. पुढे कर्नल ब्लूमफील्ड या जिल्हाधिकाऱ्याने खोऱ्यातील पवारांना बैहरच्या रानात वसाहत करण्यास उत्तेजन दिले. सरकारी कागदांत या कामाचे कौतुक आहे, आणि रान मोडून भाताची खाचरे उभी करणे हे कौतुकाचे काम होतेच. परंतु ते रान मोकळे पडलेले नव्हते. गोंड आणि बैगा तेथे पूर्वीपासून राहत होते. झाडे तोडून राखेत बी पेरण्याची बैगांची बेवर शेती सरकारने याच काळात आवळत नेली आणि 1890 मध्ये मंडल्याकडील एका राखीव टापूपुरती ती ठेवली. एकाचे घरदार उभे राहत असता दुसऱ्याचे मोडत होते, हे येथे नोंदविलेच पाहिजे.

आता या शेतकऱ्याच्या संसाराची रचना पाहू. त्याचे शेत म्हणजे बांध्यांची उतरंड. चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेला सपाट तुकडा ती बांधी. वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत उतरते. मृगात पऱ्हे टाकायचे, पाऊस बसला की चिखलणी करून रोवणी करायची. रोवणी एका घराच्या हातांनी उरकत नाही. आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या, अशीच ती होते. धुराही रिकामा राहत नाही. त्यावर तूर लावतात. भात कापणीला येण्यापूर्वीच उभ्या पिकातल्या ओलीत लाखोळी किंवा जवस फेकतात. नांगरट नाही, नवे पाणी नाही. भात घरी गेल्यावर त्याच ओलीवर डाळ आणि तेल पिकते. (लाखोळीचे अती सेवन पाय लुळे करते, हे दुष्काळात कित्येकांनी भोगले. स्वस्त अन्नाचीही किंमत असते.) घरामागच्या बाडीत वांगी, मिरची, भोपळा, वालाचे वेल. या कामात मरार विशेष वाकबगार. त्यांच्या बाड्यांवर आठवड्याचे बाजार भरत.

इतके सगळे घरच्या घरी पिकत असता बाहेरून काय लागे? मुख्यतः पाणी लागे. येथे पाऊस साठ इंचांच्या आसपास पडतो. म्हणून कोणास वाटेल की पाण्याची चिंता नसावी. तसे नाही. भाताला शेवटचे पाणी हस्ताच्या सुमारास हवे असते आणि नेमके तेव्हाच आभाळ फिरते. ही खोट भरून काढण्यासाठी वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधले गेले. भंडारा-गोंदियाकडील कोहळी हे या कामातले नामांकित लोक. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे तिकडे सांगतात. दोन टेकड्यांमधील नाला मातीच्या पाळीने अडवायचा, जादा पाणी एका बाजूच्या सांडव्याने सोडून द्यायचे आणि पाळीखालून पाट काढायचे. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक भरते. इंग्रजी अमदानीत मालगुजारांकडे गावची मालकी आली आणि हे तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. गावच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात लिहिल्या जात. पाण्याचा, सरपणाचा, चराईचा हक्क कोणास किती, हे त्यावरून ठरे. उन्हाळ्यात तलावाचा गाळ उपसून बांध्यांत पडे, मासळी ढिवरांची. मालगुजार हा काही संत नव्हता. वेठ घेई, आपल्या बांध्या आधी भिजवी. पण पाळ फुटली तर त्याचेही भात जाई, म्हणून पाळ दुरुस्त होई.

या व्यवस्थेची मर्यादा 1896 साली उघडी पडली. पाऊस वेळेआधी ओसरला, तलाव पुरे पडले नाहीत. त्या दुष्काळातून सावरण्यापूर्वीच 1899–1900 चा दुष्काळ आला. 1901 च्या शिरगणतीत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या 3,26,521 भरली. दहा वर्षांत ती सुमारे 15 टक्क्यांनी घटली होती. घरात डाळ, तेल, भाजी, भात सर्व पिकविणारा हाच तो जिल्हा. पुढे 1901–03 च्या सिंचन आयोगाने मध्य प्रांताकडे लक्ष वेधले, आणि बालाघाटच्या उत्तरेस ढुटी येथे वैनगंगेवर बंधारा घालून विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत कालवा काढण्यात आला. त्या कालव्याने बालाघाट व वारासिवनीकडील सपाटीस मोठा आधार दिला. मात्र कालवा आला तेथे गावच्या तलावाकडे पाहणारे डोळे कमी झाले.

31 मार्च 1951 रोजी मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. ती संपणे न्याय्यच होते. परंतु तलावांची मालकी बहुतांशी सरकारकडे गेली आणि डागडुजीची नड मात्र कोणाचीच उरली नाही. मालगुजाराला स्वार्थ होता, खात्याला फाइल होती. शेतकऱ्याला पूर्वी रूढीने मिळणाऱ्या पाण्यावर पट्टी आली. गाळ सरकारी म्हणून तो उपसायला कोणी जाईना. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना होऊन भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. एकाच खोऱ्यातील तलाव दोन राज्यांच्या दप्तरांत विभागले गेले.

अलीकडे उलट वारेही वाहते आहे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांच्या सोबतीने काही जुन्या तलावांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. पाळीपेक्षा पाण्याखालच्या गवताकडे त्यांनी आधी पाहिले, कारण स्थानिक मासा त्याच गवतात वाढतो. कामाचा मोठा वाटा ढिवर स्त्रियांनी उचलला, ज्यांच्या नावे शेतीचा तुकडाही क्वचितच असतो.

वारासिवनीजवळ मुरझड येथे कृषी महाविद्यालयाचे प्रक्षेत्र आहे. बालाघाटच्या चिन्नोर या बारीक, सुवासिक तांदळास 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बाजारात त्याला सामान्य भातापेक्षा अधिक दर येतो. चिन्नोर उशिरा तयार होणारे भात आहे. इतर बांध्या कोरड्या पडू लागल्या तरी त्याला पाणी लागतेच. जेथे ढुटीचा कालवा पोचत नाही, तेथे ते विहिरीतून काढावे लागते, नाहीतर ज्या तलावाची पाळ अद्याप धड आहे अशा तलावातून.